वैशू, बसून राहू नकोस

ता. दारव्हा, जि. यवतमाळ

चि. सौ. वैशूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू रिपोर्ट वाचून दाखवलास. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ६.१ टक्के. मधुमेह निघाला नाही म्हणून तुझा जीव भांड्यात पडला, पण माझा नाही पडला. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या दारात उभं असणं, आणि तुझं वय अवघं अडतीस. फोनवर सगळं बोलणं होत नाही. इतकी वर्षं उपकेंद्रात नर्सबाई म्हणून काढली, तर आपल्याच लेकीला नीट लिहून सांगावं म्हणून बसले.

तू म्हणालीस, "आई, तुमचं गावाचं बरं, तिकडे आपोआप व्यायाम होतो." आता तसं राहिलं नाही बाई. मोटरसायकल थेट वावराच्या धुऱ्यापर्यंत जाते. निंदणाऐवजी तणनाशक फवारतात, वखरणी ट्रॅक्टर करतो. तिशीच्या वरच्या सगळ्यांचं बीपी आणि शुगर तपासायला लागलो, तेव्हा शेतकऱ्यांच्या घरोघरी साखर निघू लागली. जे अजून राबतात त्यांचंही सगळं अंग राबत नाही. पऱ्हाटीचा कापूस वेचणाऱ्या बाया दिवसभर कमरेत वाकलेल्या असतात, संध्याकाळी पाठ धरून बसतात. तेव्हा गावात राहिलं की झालं, असं काही नाही.

तरी एक गोष्ट वावरातलीच सांगते. आपल्याकडे वेचायला येणारी शेवंतामावशी आठवते ना? सत्तरी ओलांडली तिनं. दुपारी कमरेला बांधलेला ओटा सोडून त्यातला कापूस ढिगावर टाकते, तुरीच्या सावलीत मांडी घालून बसते, भाकर खाते. उठताना मी मुद्दाम बघते. एक पाय जवळ ओढून तळवा टेकवते, अंग पुढं झुकवते आणि हात भुईला न लावता उभी राहते. तिच्याच बरोबरीची एक बाई आपल्या गल्लीत आहे. तिला मोठं दुखणं कुठलंच नाही, पण पलंगावरून उठायला सुनेला हाक मारावी लागते. मुलं कमावती झाली आणि सगळ्यांनी मायेनं सांगितलं, "आता काही करू नको, आरामात बस." ती बसली. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाच्या हातातलं काम काढून घेणं म्हणजे त्याचा मान ठेवणं, अशी समजूत आहे. या समजुतीनं किती चालती-फिरती माणसं खाटेला खिळलेली मी पाहिली. माझ्यावर ही माया करू नका, हे जावईबापूंनाही सांग.

हे म्हातारपणाचं मी तुला आत्ताच का सांगते? तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होत जातात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. पाळी गेली की बाईची हाडंही झपाट्यानं ठिसूळ व्हायला लागतात. म्हणून मांड्यांची ताकद चाळिशीच्या आतच कमवून ठेवायची. ती असली तर तोल जात नाही, न्हाणीत पाय घसरला तरी माणूस सावरतो, खुब्याचं हाड वाचतं.

तुझ्या साखरेचंही तेच. जेवणातली साखर साठवायची शरीरातली सगळ्यात मोठी जागा म्हणजे स्नायू. ते हलत असले की इन्सुलिनची वाट न बघताही रक्तातली साखर आत ओढून घेतात. म्हणून रात्री जेवलीस की लगेच मोबाईल घेऊन सोफ्यावर बसू नकोस, पंधरा मिनिटं चालून ये. चेन्नईच्या डॉक्टरांनी २००६ साली दाखवून दिलं आहे की तुझ्यासारख्या दारात उभ्या असलेल्यांनी चालणं वाढवलं, खाणं सुधारलं, तर मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी होतं. तेही आपल्याच देशातल्या माणसांत.

आणखी एक, तुझ्या बँकेतल्या खुर्चीसाठी. १९५३ साली जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. बस तीच, पण ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर सारखा जिना चढ-उतर करणारा. हृदयविकार कंडक्टर लोकांत कमी निघाला. तू ड्रायव्हरच्या जागेवर आहेस, वैशू. तासाभरानं उठत जा. फाईल शिपायाकडून मागवू नकोस, स्वतः जाऊन आण. लिफ्ट सोड.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. चाल अशी हवी की बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. मात्र नुसतं चालून ताकद येत नाही, इथंच बहुतेकांचं चुकतं. आठवड्यातून दोन दिवस तरी उठाबशा, पाण्यानं भरलेल्या बाटल्या उचलणं, भिंतीला हात टेकून दंड, असं काहीतरी कर. जिमचे पैसे भरायची काही गरज नाही. आज एक करून बघ: हात छातीशी बांधून खुर्चीवरून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभी राहतेस ते मोज. साठीच्या बाईला १२ वेळा जमलं नाही तर तिला पडायचा धोका धरतात. तुझं त्याच्या बरंच वर असायला हवं.

एकदम जोर लावू नकोस, पहिला आठवडा हळूहळूच. छातीत दुखलं, चक्कर आली, प्रमाणाबाहेर दम लागला, तर थांब आणि डॉक्टरांना दाखव. गुडघा थोडा कुरकुरला म्हणून मात्र सोडून देऊ नकोस.

तुरीची डाळ आणि जवसाची चटणी शेजारच्या पोरासोबत पाठवते आहे, तो रविवारी पुण्याला निघतोय. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपास आणि आकडा मला कळव. जावईबापूंचीही तपासणी त्याच दिवशी करून घे.

तुझी,
आई