तक्रार: एमएस प्रोजेक्ट या कामाचं शेड्यूल बनवायच्या सॉफ्टवेअरच्या ‘खास तुमच्या कंपनीसाठी’ घेतलेल्या ट्रेनिंगबाबत

प्रति,
संचालक, कॉर्पोरेट ट्रेनिंग विभाग

महोदय,

आत्ताच तुमच्या क्लायंट सपोर्टशी बोलून फोन ठेवला. हा शेवटचा फोन. यापुढे जे काही ते लेखी.

काय विकलं होतं ते तुम्हाला माहीत आहे, कोटेशन तुमच्याच लेटरहेडवर आहे. ट्रेनिंगच्या आधी तुम्ही मागितलंत म्हणून आम्ही एका चालू जॉबचं सगळं शेड्यूल पाठवलं: प्रेशर व्हेसल (दाबाखाली चालणारी टाकी), ड्रॉइंग अप्रूव्हलपासून प्लेट, रोलिंग, वेल्डिंग, रेडिओग्राफी (जोडांची एक्स-रे तपासणी), हायड्रो टेस्ट (पाण्याने दाबाची चाचणी), पेंटिंग, डिस्पॅच. सोबत कामाचं कॅलेंडर. त्यात ठळक अक्षरांत लिहिलं होतं की वागळे इस्टेटमधल्या आमच्या वर्कशॉपला शुक्रवारी सुट्टी असते आणि शनिवार-रविवार काम चालू असतं. नेहमीच्या बॅचपेक्षा जास्त दर, वर अठरा टक्के जीएसटी, हे आम्ही एवढ्याचसाठी मान्य केलं.

पहिल्या दिवशी पडद्यावर आला आमचा लोगो. खास आमच्यासाठी केलेलं काम तिथे संपलं. पुढे सरावाला दिलेला प्रोजेक्ट मोबाइल ॲपचा. आमचे वेल्डिंग फोरमन, स्टोअर सांभाळणारे काका आणि क्वालिटी कंट्रोलची मुलं सकाळपासून ‘बीटा रिलीज’चा क्रिटिकल पाथ (ज्या कामांना उशीर झाला की सगळंच लांबतं ती साखळी) काढत बसली होती. कॅलेंडर कुठलं? सॉफ्टवेअर उघडलं की आयतं येतं तेच. सोमवार ते शुक्रवार, आठ ते पाच, मध्ये जेवणाचा एक तास. ‘चेंज वर्किंग टाइम’मध्ये जाऊन वार बदलायला किती वेळ लागतो हे तुमच्यासारख्या तज्ज्ञांना मी काय सांगणार!

आमच्या प्लॅनिंगमधल्या मुलाने एक साधा प्रश्न विचारला. गुरुवारी संध्याकाळी प्रायमर मारला तर तो शुक्रवारी शॉप बंद असतानाही वाळतो. पण एमएस प्रोजेक्ट सुट्टीचा दिवस धरत नाही आणि रंगाचा पुढचा कोट एक दिवस लांबवतो, तर काय करायचं? लॅगमध्ये, म्हणजे दोन कामांमधल्या थांबायच्या वेळेत, ‘वन डी’च्या (कामाचा एक दिवस) जागी ‘वन ईडी’ टाकायचं, की सुट्टी न बघता घड्याळाचे चोवीस तास मोजले जातात. एका अक्षराचं उत्तर. तुमचे ट्रेनर म्हणाले, “तो ॲडव्हान्स्ड मॉड्यूलचा विषय आहे.” आणि जेवणाची सुट्टी व्हायच्या आत ॲडव्हान्स्ड मॉड्यूलचं कोटेशन माझ्या मेलमध्ये हजर. ही चपळाई शिकवण्यात दिसली असती तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

पुढचं रामायण त्याच सोमवार ते शुक्रवारच्या कॅलेंडरमुळे झालं. ट्रेनरने ‘हीच टेम्प्लेट वापरा’ म्हणून दिलेली फाइल मुलांनी इमानेइतबारे वापरली. हायड्रो टेस्ट शुक्रवारी पडली, इन्स्पेक्शन कॉल त्याच तारखेचा गेला. थर्ड पार्टीचे इन्स्पेक्टर सकाळी येऊन बंद गेटवर वॉचमनशी बोलत उभे. त्यांचा व्हिजिट चार्ज आम्ही भरला. वर क्लायंट लेट डिलिव्हरीची एलडी, म्हणजे उशिराची भरपाई, लावणार तो हिशेब वेगळाच.

आता आजचा फोन. कॉल रेकॉर्ड होतो असं तुमचीच टेप सांगते, तेव्हा वेळ काढून ऐका. सगळं ऐकून घेतल्यावर समोरचे गृहस्थ म्हणाले, “मॅडम, तुमच्याकडे कोणी टेक्निकल आहे का? सरांना फोन देता का?” मी म्हटलं, प्लॅनिंग मीच बघते. “हो मॅडम, पण प्रत्यक्ष शेड्यूल बनवतात ते सर?” शेड्यूल मीच बनवते. मग होल्ड, बासरी. परत आल्यावर म्हणाले, “फीडबॅक फॉर्मवर तर तुमच्या स्टाफने पाचपैकी पाच दिलेत.” ते फॉर्म ट्रेनर डोक्याशी उभे राहून, सर्टिफिकेट हातात द्यायच्या आधी भरून घेत होते, हे मी सांगितलं. त्यावर आलेलं वाक्य जसंच्या तसं देते: “मॅडम, खरं सांगू का, फॅक्टरी स्टाफची ग्रास्पिंग पॉवर जरा कमी असते, आम्ही कितीही कस्टमाइज केलं तरी...” पुढचं मी ऐकून घेतलं नाही.

कमी असते! आमच्या फोरमनना ‘फिनिश टू स्टार्ट’ (आधीचं काम संपलं की पुढचं सुरू) हे नाव माहीत नव्हतं, एवढंच. रेडिओग्राफीचा रिपोर्ट क्लिअर झाल्याशिवाय हायड्रो घ्यायची नाही, हे त्यांना तुमच्या त्या गृहस्थांच्या जन्माआधीपासून ठाऊक असावं. शुक्रवारी सुट्टी असते हेही त्यांना कळतं. तुम्हाला लेखी देऊनही कळलं नाही, तर ग्रास्पिंग पॉवर कोणाची तपासायची?

उरलेल्या बिलासाठी तुमच्या अकाउंट्सने एमएसएमईचा, म्हणजे लघुउद्योगांचं बिल ४५ दिवसांत भरायचा, नियम पाठवला आहे. २००६ चा तो कायदा आमच्याकडेही वाचतात. सेवा मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली, तर ४५ दिवस जिथून मोजतात ती स्वीकृतीची तारीख तुम्ही ती हरकत दूर कराल तेव्हाची धरली जाते. आमची हरकत मुदतीत मेलने गेली आहे. उत्तरादाखल तुम्ही तिकीट नंबर दिलात, म्हणजे पोचपावतीही आहे.

आमच्या शॉपमध्ये येऊन, आमच्या जॉबवर, आमच्या कॅलेंडरने पुन्हा ट्रेनिंग द्या. ट्रेनर असा पाठवा ज्याने निदान एकदा फॅब्रिकेशन शॉप आतून पाहिलं आहे. जमत नसेल तर भरलेले पैसे परत करा. इन्स्पेक्टरचा व्हिजिट चार्ज दोन्ही बाबतींत तुमच्याकडे. आठवड्यात लेखी उत्तर आलं नाही तर पुढचं पत्र वकिलांचं असेल. शेजारच्या कंपनीने तुमचं नाव कौतुकाने सुचवलं होतं. त्यांना काय सांगायचं हा प्रश्न माझ्यापुढे आहे. आणि इस्टेटमधल्या बाकीच्या कंपन्यांनी विचारलं तर जे झालं तेच सांगेन, तिखटमीठ लावायची गरज नाही.

नियोजन विभागप्रमुख
वागळे इस्टेट, ठाणे

ता. क. हे पत्र लिहीत असतानाच ॲडव्हान्स्ड मॉड्यूलवर सवलतीचा मेल पुन्हा आला. त्या यादीतून आमचं नाव काढा.