पहिल्याच सोनोग्राफीवर निकाल नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात माझ्या सुनेला दिवस राहिले होते. सातवा आठवडा लागला आणि एका पहाटे तिच्या अंगावरून रक्त जाऊ लागलं. आमचं गाव राजापूर तालुक्यात. अर्जुना-कोदवलीला पूर आला की जवाहर चौकात पाणी भरतं आणि एसटीचा भरवसा राहत नाही. शेजाऱ्यांच्या रिक्षाने कसंबसं एका दवाखान्यात पोचलो. पोटावरून सोनोग्राफी झाली. "गर्भाभोवतीची पिशवी आहे, आत बाळ नाही. उद्या क्युरेटिंग करून गर्भाशय साफ करून घ्या," असं सांगून आम्हाला बाहेर पाठवलं.

माझी भाची नर्स आहे. तिने फोनवर पहिलं विचारलं, "मावशी, पिशवी किती मिलिमीटर? आणि आतून तपासलं का?" रिपोर्टवर 14 मिमी होतं. आतून, म्हणजे योनीमार्गातून, तपासलंच नव्हतं. ती म्हणाली, "मग थांबा."

पाचव्या आठवड्यात नुसती पिशवीच दिसते. गर्भ आणि ठोके सहाव्या आठवड्याच्या आसपास दिसू लागतात. पाळी पुढेमागे होणारी असेल तर दिवसांचा हिशोब चुकतो आणि चांगला गर्भही रिकामा वाटतो. म्हणून आतून केलेल्या सोनोग्राफीत गर्भ 7 मिमी किंवा मोठा असून ठोके नाहीत, किंवा पिशवी सरासरी 25 मिमी झाली तरी गर्भ नाही, तेव्हाच गर्भ राहिला नाही असं म्हणतात. त्याआधी शंका असेल तर सात ते चौदा दिवसांनी पुन्हा बघायचं. आतून तपासल्याने गर्भ पडतो ही भीती खोटी आहे, पण आमच्याकडच्या कितीतरी बायका त्याच भीतीने नकार देतात.

आम्ही दहा दिवस थांबलो. दुसऱ्या वेळी आतून तपासलं. गर्भ 8 मिमी होता आणि ठोके नव्हते. सून फार रडली. पण आपण घाई केली का, हा प्रश्न तिच्या मनात राहिला नाही. लावणीला वाकलीस म्हणून झालं, असं मीच तिला पहिल्या दिवशी बोलले होते. दुसऱ्या डॉक्टरांनी समजावलं, की असे साधारण निम्मे गर्भ गुणसूत्रांतल्या दोषामुळे पडतात, कामामुळे नाही. मी तिची माफी मागितली.

थांबणं सगळ्यांसाठी नाही, हेही सांगते. चाचणीत दिवस राहिल्याचं दिसतंय पण गर्भाशय रिकामं आहे, एका बाजूला कळ येतेय, चक्कर येतेय, तर गर्भ गर्भाशयाऐवजी बाजूच्या नळीत असू शकतो. रक्त फार जात असेल तरीही त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायचं.

दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, पण ती तीन महिने उलटलेल्यांसाठी. दुसऱ्या महिन्यातला रक्तस्राव 9 तारखेची वाट बघत नाही. ग्रामीण रुग्णालयात आतून तपासायचा प्रोब आणि तो वापरणारं माणूस कुठल्याही वारी मिळायला हवं. रिपोर्टवर माप आणि पुन्हा यायची तारीख मराठीत लिहावी. आणि ती दुसरी तपासणी आमच्याच तालुक्यात व्हावी. जून ते सप्टेंबर घाटापलीकडे किंवा रत्नागिरीला दोनदा जाणं इथल्या कितीतरी घरांना जमत नाही, म्हणून बायका दुसऱ्यांदा जातच नाहीत.

आपली,
एक वाचक, ता. राजापूर, जि. रत्नागिरी