तक्रार पत्र : पैसे चार नमुन्यांचे, रिपोर्ट एका ओळीचा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : घराच्या नूतनीकरणाआधी केलेल्या ॲस्बेस्टॉस तपासणीचा रिपोर्ट मागे घेऊन तपासणी नव्याने करून देण्याबाबत

महोदय,

नेरूळमधल्या आमच्या रो-हाऊसचे काम काढण्याआधी आपल्या कंपनीकडून ॲस्बेस्टॉसची, म्हणजे बांधकाम साहित्यात मिसळलेल्या आणि श्वासातून गेल्यास घातक ठरणाऱ्या खनिज तंतूंची, तपासणी करून घेतली. हातात आलेल्या रिपोर्टमध्ये कामाची ओळ एकच आहे : ‘नमुना – बांधकाम साहित्य (मिश्र). ॲस्बेस्टॉस आढळले नाही.’ हा रिपोर्ट मला मान्य नाही.

तपासायच्या वस्तू चार होत्या. मागच्या अंगणावरचे सिमेंटचे पत्रे, पावसाच्या पाण्याचा सिमेंटचा पाइप, आतल्या खोलीतल्या जुन्या व्हायनिल टाइल्स आणि त्या टाइल्सखालचा काळा गोंद. दर नमुन्यागणिक होता, पावतीवर ‘नमुने : ४’ असे स्वच्छ लिहिले आहे. आपल्या माणसाने मात्र चारही तुकडे एकाच झिपच्या पिशवीत टाकले. मी तिथेच हरकत घेतली, तेव्हा ‘लॅबमध्ये वेगळे करतात, काकू’ असे उत्तर मिळाले.

मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले आहे, त्यामुळे ‘लॅबमध्ये करतात’ यावर माझे समाधान होत नाही. घराच्या जुन्या कागदांत आधीच्या मालकांचे पत्र्याचे बिल आहे. त्यावर ‘ॲस्बेस्टॉस सिमेंट पत्रे’ असेच लिहिले आहे. अशा पत्र्यात साधारण आठ ते दहा टक्के ॲस्बेस्टॉस असते. चार तुकडे अगदी सारख्या वजनाचे धरले, बाकीच्या तिघांत काहीही नाही असे मानले आणि सगळे एकत्र दळले, तरी मिश्रणात दोन टक्के उरायला हवे. ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली एवढे प्रमाण सराईत माणसाच्या नजरेतून सुटत नाही. मग ‘आढळले नाही’ कसे? एक तर पत्र्याचा तुकडा कोणी पाहिलाच नाही, किंवा पिशवीतला हाताला लागला तो एकच तुकडा तपासून वर ‘मिश्र’ असे लिहिले. तिसरी शक्यता आपल्याला माहीत असेल तर जरूर कळवा.

टाइल्सची गोष्ट आणखी वेगळी. व्हायनिल टाइलमधले तंतू इतके बारीक असतात की प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ते बऱ्याचदा दिसत नाहीत. तिथे ‘नाही’ आले तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली खात्री करून घ्यावी लागते. आपल्या रिपोर्टमध्ये कोणती पद्धत वापरली, किती प्रमाणापर्यंत शोधले, विश्लेषण कोणी केले, यातले काहीच नाही. जाहिरातीत एनएबीएलचे, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या संस्थेचे, चिन्ह ठळक आहे. रिपोर्टवर ते का नाही?

आता नमुना घेतला कसा ते सांगते. पत्र्याची कड हातोड्याने कोरडीच फोडली. पाण्याचा फवारा नाही, खाली प्लास्टिक अंथरलेले नाही. दोरीवर कपडे वाळत होते, त्यांवर धूळ बसली. खरे तर साबणाचे दोन थेंब घातलेले पाणी मारून, जागा ओली ठेवून, छोटासा तुकडा काढायचा, तो दुहेरी पिशवीत बंद करायचा आणि उघडी पडलेली कड टेपने झाकायची. याला यंत्रसामग्री लागत नाही. आलेला मुलगा नम्र होता, त्याच्यावर माझा राग नाही. पण त्याच्या तोंडावर साधा मास्कही नव्हता आणि तो हे काम रोज करतो. या तंतूंमुळे होणारे फुप्फुसाचे आजार बहुतेकदा २० ते ४० वर्षांनी उघड होतात. ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांनी कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षे ठेवाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले ते उगाच नाही. आपण या मुलाच्या आरोग्याची कुठे नोंद ठेवता का?

फोनवर तक्रार केली तेव्हा आपल्या प्रतिनिधी म्हणाल्या, ‘मॅडम, आपल्याकडे या पत्र्यांवर बंदी नाहीये, मग एवढं टेन्शन कशाला?’ बंदी नाही हे खरे आहे. पांढरे ॲस्बेस्टॉस हा त्याचा एक प्रकार आजही आयात होतो आणि पत्रे उघड विकले जातात. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसचे सगळेच प्रकार कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात ठेवले आहेत. शाबूत पत्रा डोक्यावर असला म्हणून मी घाबरत नाही. तो फोडताना, त्याला ग्राइंडर लावताना काय होते, एवढाच माझा प्रश्न होता, आणि त्याच उत्तरासाठी मी पैसे मोजले.

आपला रिपोर्ट पाहून आमचा ठेकेदार खूश झाला. ‘नाही म्हटलंय ना, मग उद्या ग्राइंडर लावतो, माल डेब्रिजच्या गाडीत घालतो.’ मी काम थांबवले आहे. पावसाच्या आत नवे छप्पर बसले नाही तर स्वयंपाकघरात पाणी येणार, पण त्या एका ओळीच्या भरवशावर मजुरांना मी पत्रा कापू देणार नाही. शेजारच्या घरात लहान मूल आहे आणि आमची मागची भिंत सामाईक आहे.

तेव्हा हा रिपोर्ट लेखी मागे घ्यावा. चारही वस्तूंचे नमुने नव्याने, ओले करून, वेगवेगळ्या पिशव्यांत घ्यावेत आणि प्रत्येकाचा निष्कर्ष पद्धतीच्या नावासह स्वतंत्र द्यावा. येणाऱ्या माणसाला योग्य मास्क द्यावा. साधा कापडी चालणार नाही. फोडलेली कड बंद करून अंगण ओल्या फडक्याने पुसून द्यावे, झाडू मारू नये. हे जमणार नसेल तर चारही नमुन्यांचे पैसे परत करावेत, मी दुसरीकडे तपासून घेईन.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पावती, रिपोर्ट, पत्र्याचे जुने बिल आणि फुटलेल्या कडेचे फोटो सोबत जोडले आहेत. पिशवीत उरलेले तुकडे नष्ट करू नयेत, ते मला पुराव्यासाठी हवे आहेत.

आपली,
(सही)
नेरूळ, नवी मुंबई