नानांची गोळी आणि वैद्यांचा काढा

पुणे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

नानांच्या फुप्फुसाच्या कर्करोगाचे रिपोर्ट आणि वैद्यांनी दिलेली औषधांची यादी मिळाली. डॉक्टरांनी दिलेली गेफिटिनिबची गोळी बंद करून केवळ काढ्यावर राहावे का, या तुझ्या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे; परंतु त्यामागची कारणे तुला सांगणे मी माझे कर्तव्य समजतो.

वनस्पतींवरचा तुझा विश्वास निराधार नाही. फुप्फुसाच्या कर्करोगात आजही दिले जाणारे पॅक्लिटॅक्सेल हे औषध यू नावाच्या झाडाच्या सालीतून मिळाले, आणि १९७१ साली त्याची रचना जगापुढे मांडणाऱ्यांत आपल्या नंदुरबारचे रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणी होते. सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात कॅम्प्टोथेसिन नावाचे जे द्रव्य सापडते, त्याच्यापासून टोपोटेकान हे कर्करोगावरचे औषध तयार झाले. मात्र ते द्रव्य वेगळे काढून, त्याची मात्रा ठरवून, किती रुग्णांना गुण आला आणि किती जणांना अपाय झाला हे मोजल्यानंतरच त्याचे औषध झाले. चौथ्या टप्प्यातला, म्हणजे शरीरात इतरत्र पसरलेला, हा रोग नुसत्या काढ्याने आटोक्यात आल्याचा असा मोजलेला पुरावा नाही.

नानांच्या गाठीत ईजीएफआर या पेशींच्या वाढीशी संबंधित जनुकातला बदल सापडला आहे, ही या दुखण्यातली जमेची बाजू आहे. अशा बहुतेक रुग्णांत गेफिटिनिबने गाठी आकसतात, धाप कमी होते. रोग समूळ जात नाही आणि पुढे कधीतरी गोळीचा प्रभाव ओसरतो, हेही मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण मिळणारा हा काळ आपण आपल्या हाताने का सोडावा?

यादीतल्या तीन गोष्टींची मला काळजी वाटते. गेफिटिनिबचे विघटन यकृतात होते आणि या गोळीचा यकृताला त्रासही होऊ शकतो. त्यात गुळवेलीने यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवले आहेत. हळदीच्या कॅप्सूलमधला मिरीचा अर्क औषधांच्या विघटनात अडथळा आणू शकतो. भस्मात काय आहे, हे तर पुडीवर लिहिलेलेच नाही. स्वयंपाकातली हळद आणि मिरी मात्र खुशाल चालू दे. नानांना अन्नाची चव लागणे फार मोलाचे आहे.

तू ज्याचा उल्लेखही केला नाहीस, त्या उपशामक उपचाराचा, म्हणजे रुग्णाचा त्रास कमी करणाऱ्या उपचाराचा, आग्रह मी धरतो. त्याचे नाव काढले की घरात सगळे गप्प होतात, हे मला ठाऊक आहे. तरीही अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पसरलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगात निदानानंतर लगेच नेहमीच्या उपचारांबरोबर हा उपचार मिळालेले रुग्ण साधारण ११.६ महिने जगले, तर केवळ नेहमीचे उपचार मिळालेले ८.९ महिने, शिवाय उपशामक उपचार मिळालेल्यांचे मनही कमी खचले. वारज्याच्या सिप्ला केंद्रात ही सेवा विनामूल्य मिळते. दुखणे, धाप, झोप आणि वहिनींवर पडणारा भार, या सगळ्याचा विचार तेथे होतो.

पुढच्या तपासणीला वैद्यांची यादी आणि पुड्या डॉक्टरांसमोर ठेव, आणि तोवर त्यातले काही सुरू करू नकोस. वैद्यांनाही गोळीचे नाव सांग. नानांना स्वतःला काय हवे आहे, हे एकदा शांतपणे विचार. मी बरोबर येईन.

तुझा,
माधव