मुरुमाचा परवाना देण्याआधी डोंगरमाथा पाहा

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

नागपूरजवळ जुनापाणीला लोहयुगातली सुमारे ३०० शिलावर्तुळे, म्हणजे दफनांभोवती मोठे दगड मांडून केलेली कडी, आहेत. जवळच्याच माहूरझरीच्या दफनांत तर तांब्याचे अलंकार घातलेले घोडे सापडले. दक्षिणेला, कर्नाटकातल्या कोप्पळ जिल्ह्यात हिरेबेणकलच्या टेकडीवर जवळपास ४०० महापाषाणी (मोठ्या शिळांची) स्मारके उभी आहेत आणि २०२१पासून ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. ते कोप्पळ १९५६पर्यंत आमच्या मराठवाड्यासारखंच हैदराबाद राज्यात होतं. पुढे नळदुर्गचा कारभार पाहिलेल्या मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्याने कर्नाटकातल्याच सुरपूर भागातली अशी दफने एकोणिसाव्या शतकातच उकरून त्यांची टिपणे छापली. नागपूर आणि कर्नाटक या दोन्हींच्या मधे मराठवाडा आहे. इथले डोंगर रिकामेच असतील, असं मला वाटत नाही.

बालाघाटातल्या आमच्या एका माळावर मोठ्या दगडांची कडी आहेत, मधे दगडमातीचा उंचवटा. त्यांची तपासणी झालेली नाही. जागेचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण गुप्तधनवाले रात्रीत पोचतात. आपल्या कार्यालयाला मात्र मी स्वतः नेऊन दाखवीन.

या दगडांवर कोरीव काम नाही, शिलालेख नाही, शेंदूरही नाही. त्यामुळे मुरुमासाठी किंवा पवनचक्कीच्या रस्त्यासाठी जेसीबी चढला की अडवायला कुणी पुढे येत नाही. एखादं मडकं, लोखंडी कुऱ्हाड उचलून संग्रहालयात ठेवली म्हणजे वारसा वाचला, असंही नाही. कोणत्या भांड्याशेजारी कोणतं हाड होतं, डोकं कुठल्या दिशेला होतं, यावरूनच ती माणसं कळतात. एकदा बादली फिरली की ते कायमचं गेलं.

१९६०चा राज्याचा पुरातत्त्व कायदा आहे, पण त्याचं खरं संरक्षण अधिसूचित जागेलाच मिळतं. जी जागा कागदावरच नाही, तिचं काय?

म्हणून मागणी एवढीच: डोंगरमाथ्यावर गौण खनिजाचा किंवा बांधकामाचा परवाना देण्याआधी पुरातत्त्व संचालनालयाची स्थळपाहणी सक्तीची करा. पाहणीला तलाठ्याबरोबर गावचे गुराखी घ्या, त्यांना एकेक दगड ठाऊक असतो. अवशेष दिसले तर अधिसूचना निघेपर्यंत सातबाऱ्यावर ‘इतर हक्कां’त तशी नोंद घाला. पावसाळा सरला की गवत वाळतं, कडी स्पष्ट दिसतात आणि मुरुमाची वाहतूकही तेव्हाच जोर धरते. म्हणून गवत वाळताच, वाहतूक जोर धरण्याआधी पाहणी सुरू व्हावी.

आपला नम्र,
एक इतिहास शिक्षक, जि. बीड