तुटलेली तार सापडली, सेन्सेई

तीर्थस्वरूप सेन्सेई (गुरुजी) यांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही, हे ठाऊक आहे. जपानीत तुमचे आभार मानून झाले, पण मनातलं सगळं तेवढ्यात मावलं नाही. शिवाय पुण्यातल्या माझ्या गिटारवाल्या मित्रांना तुम्ही कळावेत असं फार वाटतं, म्हणून हे जाहीर पत्र.

जपानमधल्या मात्सुमोतोत नोकरीसाठी आलो त्या हिवाळ्यात जुन्या सामानाच्या दुकानात, 'जंक' लिहिलेल्या कोपऱ्यात ती इलेक्ट्रिक गिटार दिसली. हेडस्टॉकवर (खुंट्या असलेल्या वरच्या टोकावर) नाव नाही, तारा गंजलेल्या, एक पिकअप (तारांचा कंप टिपणारी कॉइल) मुका. नेकच्या (दांड्याच्या) मागच्या प्लेटवर 'स्टील ॲडजस्टेबल नेक, मेड इन जपान' एवढंच. मी नवे पिकअप मागवणारच होतो. तुम्ही प्लेट पाहिलीत आणि म्हणालात, "ही इथलीच."

मात्सुमोकू! शिलाई मशीनची लाकडी कॅबिनेटं करता करता गिटारी करू लागलेला, १९८७ साली बंद पडलेला इथलाच कारखाना, जिथे तुम्ही काम केलंत. ही तुमच्या हातची का, असं मी विचारलं. "असेल, नसेलही. आम्ही पुष्कळ जण होतो," म्हणालात, आणि नेकच्या पाठीवरून अंगठा फिरवत राहिलात. त्या दिवसापासून तिला स्वस्तातली गिटार म्हणणं मी सोडून दिलं. बॉडी प्लायवूडची आहे, खरं आहे. पण नेक ज्या निगुतीने घासलाय, ती निगुत किमतीत धरलेलीच नाही. आणि अशी प्रत्येक जपानी गिटार 'लॉसूट', म्हणजे खटला ओढवलेली नक्कल, म्हणून खपवतात, याचा तुम्हाला होणारा त्रास आता मलाही होतो. १९७७ चा तो दावा गिब्सन या अमेरिकन गिटार कंपनीच्या मालक कंपनीने आयबनेझ या जपानी ब्रँडच्या अमेरिकेतल्या वितरकावर केला होता, आणि तोही हेडस्टॉकच्या आकारावरून. तुमच्या नेकशी त्याचा काय संबंध?

पिकअपचं काम मात्र जन्मभर विसरणार नाही. मल्टिमीटर काहीच दाखवत नव्हता. "तार मेलेली नाही, कुठेतरी तुटलीय. शोध," म्हणालात आणि भिंग माझ्या हातात दिलंत. कॉइलवरची टेप इंचाइंचाने सोडवली. बाहेरच्या टोकाला, जिथे ती केसासारखी तार जाड वायरीला जोडलेली असते, तिथे हिरवट ठिपका होता. एक वेढा सोडवायचा, पॉलिश पेपरच्या कपट्याने वरचं इनॅमल खरवडायचं, मग सोल्डर. दोनदा तार माझ्या हातात तुटली. तुम्ही दोन मिनिटांत जोडली असतीत, तरी हात मांडीवर ठेवून बसून राहिलात. तिसऱ्यांदा मीटरवर ७.२ किलोओम आलं, म्हणजे तार सलग झाली, आणि माझ्याआधी तुम्हीच टाळी वाजवलीत. सेन्सेई, त्या बसून राहण्याबद्दल मी तुमचा सर्वांत जास्त ऋणी आहे.

पॉटची (आवाज कमीजास्त करणाऱ्या बटणाची) खरखर क्लीनरने गेली, फ्रेटही (नेकवरच्या धातूच्या पट्ट्या) चकचकीत झाले. पण बाराव्या फ्रेटवर तारा चार मिलिमीटर उंच, म्हणजे दाबायला जड होत्या आणि ब्रिज (तारांचा खालच्या बाजूचा आधार) आणखी खाली जात नव्हता. तुम्ही माझं व्हिजिटिंग कार्ड मागितलंत. मी रीतीप्रमाणे दोन्ही हातांनी दिलं, तुम्ही दोन्ही हातांनी घेतलंत, नीट वाचलंत आणि मगच त्याची पट्टी कापलीत. नेकच्या खाचेत, ब्रिजकडच्या टोकाला ती बसवली आणि स्क्रू आवळले. नेक तेवढाच मागे झुकला, तारा खाली आल्या. माझ्या नावाची अर्धी अक्षरं आता त्या लाकडात आहेत.

रोज रात्री अर्धा तास वाजवतो. त्या मुक्या पिकअपचा आवाज दुसऱ्यापेक्षा गोड आहे, की मलाच तसं वाटतं, हे तुम्ही ऐकून सांगा.

येत्या शनिवारी आणखी एक घेऊन येतोय. तिचा ट्रस रॉड (नेकचा बाक जुळवणारी आतली कांब) अजिबात फिरत नाही. तुम्ही सांगितलंय तसा मी जोर लावलेला नाही.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुमचा शिष्य