आण्णांची माळ ओंजळीत धरणाऱ्या डॉक्टर मॅडमना

मॅडम, सप्रेम नमस्कार.

आण्णांची तुळशीमाळ तुम्ही टेबलावर ठेवली नाहीत, म्हणून हे पत्र.

रंकाळ्यावर फिरताना आण्णांच्या उजव्या डोळ्यावर अचानक अंधार आला आणि पाच-सात मिनिटांत गेला. आधी ज्यांच्याकडे गेलो, त्यांनी मानेचा डॉप्लर (शिरेतलं रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी) बघून सांगितलं, "शीर ४५ टक्के अरुंद आहे, ७०च्या आत आहे, वयानं होतं. चष्म्याचा नंबर तपासून घ्या." सगळं बोलणं माझ्याशी. आण्णांनी काही सांगायला तोंड उघडलं, तोवर पुढच्या पेशंटला हाक गेली होती. तो राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

तुम्ही पहिला प्रश्न आण्णांनाच विचारलात, "काका, पडदा उतरल्यासारखं झालं का?" आण्णा खुर्चीत सरळ होऊन बसले. एवढे दिवस ते हेच सांगू बघत होते.

मग एमआरआय. मानेच्या फोटोत धातू चालत नाही आणि माळ सोन्याच्या तारेत गुंफलेली. चाळीस वर्षांत ती गळ्यातून उतरली नव्हती. "तिकडं टेबलावर ठेवा," असा आवाज आला आणि आण्णांचा हात गळ्याशीच थांबला. तुम्ही काही न बोलता ओंजळ पुढे केलीत. तपासणी संपेपर्यंत काचेमागे तुम्ही तशाच उभ्या होता, ओंजळ छातीशी धरून. ते बाहेर आल्यावर म्हणालात, "काका, खाली ठेवली नाही हं." मॅडम, त्या घटकेला आण्णांचे डोळे भरून आले होते. पहिल्यांदाच पाहिलं मी.

नंतर स्क्रीन त्यांच्याकडे वळवलीत. शिरेतल्या चरबीच्या थरात रक्तस्राव झालाय, तो या चित्रात पांढरा दिसतो. असा थर कच्चा असतो, त्यातून गुठळी सुटून डोळ्यात किंवा मेंदूत जाऊ शकते, शीर निम्म्याहून कमी अरुंद असली तरी. १९९१ पासूनचा तो ७० टक्क्यांचा आकडा शिरेच्या ऑपरेशनचा फायदा कुणाला होईल हे ठरवायला. धोका नाही असं सांगायला नव्हे. आण्णांचा जन्म गुऱ्हाळावर गेला. ते म्हणाले, "म्हंजे गुळाचा रवा वरनं घट्ट, आत पाघळलेला." तुम्ही म्हणालात, "अगदी तसंच!" त्याच दिवशी औषधं बदलली. पुन्हा पडदा आलेला नाही.

मशिनं आता शिरेच्या आतलं दाखवतात, त्याचं मोल मोठंच. पण समोरच्या म्हाताऱ्याचं ऐकून घेतलं, म्हणून तर ते मशीन लावायचं सुचलं. अशी माणुसकी असलेली माणसं आपल्या कोल्हापुरात आहेत, हे मी भेटेल त्याला सांगतोय.

आषाढीला आण्णा नंदवाळच्या दिंडीत चालून आले. तिथला बुक्का त्यांनी पुडीत बांधून ठेवलाय. पुढच्या तपासणीला तुमच्यासाठी घेऊन येतोय.

आपला,
आण्णांचा थोरला